पोळी सोडली, तरी पोट का बिघडतं?

प्रश्न : माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. घरी ज्वारीची भाकर खाऊन तब्येत छान सुधारली होती. आता ती अकोल्याला होस्टेलवर आहे. मेसमध्ये पोळीला हातही लावत नाही, फक्त वरण-भात आणि भाजी घेते. तरी पोट फुगतं, जुलाब होतात. चुकतं कुठं?
– एक आई, ता. दर्यापूर

उत्तर : ताई, मुलगी पथ्य नीट पाळते आहे. तिच्या पोटात जातोय तो न दिसणारा गहू, आणि सिलिअ‍ॅकमध्ये गव्हा-जवातलं ग्लूटेन हे प्रथिन सोसत नाही, चिमूटभर कणीकही आतड्याला इजा करते.

पहिला संशय हिंगावर घ्या. बाजारच्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक असते, म्हणजे मेसच्या वरणाला फोडणी पडली की ते तिच्या कामाचं राहत नाही. मेसवाल्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि तिच्यापुरतं वरण फोडणीआधीच बाजूला काढायला सांगा. वरून तूप, मीठ, लिंबू पुरे. भजी-पापडही नकोत, ज्या तेलात पुऱ्या तळल्या, त्यातच ते तळले जातात.

आता भाकरीसाठी घरून पीठ पाठवत असाल, तर त्याबद्दल. गावच्या चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो. पाळूत आणि खालच्या कापडी पिशवीत कणीक चिकटून राहते. आधी किलोभर ज्वारी दळून घेतली तरी भरवसा धरता येत नाही. घरचं जातं असेल तर तेच काढा, नाहीतर घरघंटी फक्त ज्वारी, तांदूळ आणि हरभऱ्याच्या डाळीसाठी राखा. दळण्याआधी ज्वारी ताटात पसरून गव्हाचे दाणे वेचा, बेसनही घरचंच करा. पीठ एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच पाठवा. जुनं पीठ कडवट होतं आणि भाकर थापताना चिरते. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून पिठाला उकळतं पाणीच लागतं. पाणी कोमट असलं तर पीठ बांधलं जात नाही.

होस्टेलवर शेगडीची परवानगी असेल तर तवा आणि स्टीलची परात तिची वेगळी हवी. लाकडी काटवट कितीही घासली तरी भेगांत कणीक राहते. भाकर जमली नाही तर कण्या शिजवाव्यात : एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी, मऊ होईपर्यंत. ताकासोबत पोटभर होतात.

उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया मात्र डब्यात देऊ नका, त्या गव्हाच्या चिकाच्या असतात. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. शेवयाही वर्ज्य. त्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याचे पापड द्या. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो, तीही बंद. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, तेव्हा गाडीवरचं चायनीज नकोच. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेलं पाहूनच घ्यावं. आपल्याकडच्या नियमानुसार त्यात किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

एवढं सांभाळूनही त्रास थांबला नाही तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा आणि टीटीजी ही रक्ततपासणी करून घ्या. गहू आत जातोय का, याचा अंदाज तिच्यातून येतो. त्रास थांबला तरी ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी, कारण कधी कधी काहीच जाणवत नाही आणि आतडं मात्र खराब होत असतं. हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहून घ्या.