रात्री बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला गाडी नेताना काय काळजी घ्यावी?

पहाटे निघणं जमत असेल तर रात्रीचा हट्ट सोडाच. जावंच लागलं तर जांबोटी मागे पडली की वेग निम्म्यावर आणा. 80 च्या वेगाला गाडी सेकंदाला 22 मीटर पळते आणि लो बीमचा कामाचा उजेड जेमतेम 50 मीटर. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अर्धं अंतर गेलेलं असतं.

कणकुंबीच्या पुढे पावसाळ्यात धुकं इतकं दाट असतं की अप्पर (हाय बीम) मारला तर समोर नुसतं पांढरंफटक दिसतं. तिथं डिपरवरच (लो बीमवर) राहा, डाव्या कडेची पट्टी धरून चला. आणि गवे! काळं अंग डांबरात मिसळून जातं, आधी फक्त पायांचा पांढुरका भाग दिसतो. एक दिसला की मागे कळप आहे असंच समजा. हॉर्न न वाजवता थांबून राहा.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या वेगळ्याच. कित्येकींना मागे लाल दिवा नसतो, म्हणून घाईने ओव्हरटेक नको.

डोळे जड झाले तर चहावर भागत नाही. वस्ती बघून गाडी लावा, वीस मिनिटं झोपा. घाटात रेंज जाते, तेव्हा निघतानाच घरी सांगून ठेवा. मदतीला 112.