कोल्हापुरात क्लास न लावता एमबीए सीईटीच्या तर्कक्षमतेची तयारी होईल का?

होय, घरी सराव करूनही ती नक्की होते, मात्र सोडवलेल्या प्रश्नांच्या संख्येपेक्षा चुकलेल्या प्रश्नांची वही अधिक महत्त्वाची ठरते. राजारामपुरीतील एका अभ्यासिकेत मी सराव-पेपर तपासतो. तिथे दिसते की गोलाकार बैठकीच्या, म्हणजे वर्तुळात कोण कुठे बसले आहे हे ओळखण्याच्या प्रश्नात बहुतेकांचे तर्क बरोबर असतात, पण ‘तोंड बाहेर’ हे दोन शब्द निसटले की डावे-उजवे उलटते आणि पुढची सगळी उत्तरे ओळीने चुकतात. पेपरमध्ये १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एकास ४५ सेकंद मिळत असल्याने सराव घड्याळ लावूनच करावा. चुकीला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. शेकडेवारी व गुणोत्तरच कच्चे असेल, तर मात्र गणितापुरते कोणाचे तरी मार्गदर्शन घ्यावे.