झेड ड्राइव्ह माझ्याकडे दिसतो, मग मॅडमकडे का नाही?

वाचकांचे प्रश्न: ऑफिसातले शेअर फोल्डर आणि त्यांचे पाथ

(पाथ म्हणजे फाईल किंवा फोल्डरचा पत्ता. कमांड आणि पाथ इथे देवनागरीत छापलेत, टाईप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.)

प्रश्न: मी सीएच्या ऑफिसात काम करते. सगळ्या क्लायंटच्या फायली एका मेन कॉम्प्युटरवर आहेत आणि माझ्या पीसीवर त्या झेड ड्राइव्हमध्ये दिसतात. मॅडमना मेलमध्ये 'झेड:\जीएसटी\मार्च' असा पाथ पाठवला तर त्या म्हणतात असं काही सापडतच नाही. माझ्याकडे तर लगेच उघडतंय. बरोबर पाथ शोधायचा कसा?
एक वाचक, सांगली

पाथ तुमच्या पीसीपुरता बरोबर आहे, पण झेड हे अक्षर मेन कॉम्प्युटरचं नाहीच, ते फक्त तुमच्या पीसीवरचं आहे. ज्याने तुमचं मशीन लावून दिलं त्याने 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' केलं (म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर दिलं) तेव्हा विंडोजने शेवटून पहिलं मोकळं अक्षर सुचवलं आणि त्याने ओके केलं, एवढंच. मॅडमच्या लॅपटॉपवर तोच फोल्डर वाय असेल, नाहीतर मॅपच केलेला नसेल, किंवा झेडवर भलताच फोल्डर असेल, आणि ही तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट कारण मग एरर येत नाही, फाईल गुपचूप चुकीच्या जागी सेव्ह होते आणि रिटर्न भरायच्या दिवशी शोधाशोध सुरू होते. झेड म्हणजे घरातलं टोपणनाव समजा, बाहेरच्याला पूर्ण नावच सांगावं लागतं.

ते पूर्ण नाव असं दिसतं: \\ऑफिस-सर्व्हर\क्लायंट्स\जीएसटी\मार्च. आधी दोन बॅकस्लॅश, मग ज्या कॉम्प्युटरवर फायली आहेत त्याचं नाव, मग शेअरचं (म्हणजे इतरांसाठी खुल्या केलेल्या फोल्डरचं) नाव, आणि त्यापुढे नेहमीचे फोल्डर. याला यूएनसी पाथ म्हणतात. नेटवर्कवरच्या कुठल्याही विंडोज पीसीवर हा सारखाच चालतो, फक्त बघणाऱ्याला परवानगी हवी.

तुमचा झेड नक्की कुठला ते बघायला 'धिस पीसी' उघडा. तिथे ड्राइव्हच्या खाली बहुतेक वेळा 'क्लायंट्स (\\ऑफिस-सर्व्हर) (झेड:)' असं लिहिलेलं असतं, ते उलटं जोडायचं, आधी कंसातलं सर्व्हरचं नाव आणि मग शेअरचं. कुणी ड्राइव्हचं नाव बदललं असेल तर हे दिसणार नाही. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेट यूज' टाईप करा आणि एंटर दाबा. 'लोकल'खाली अक्षर दिसेल आणि त्याच ओळीत 'रिमोट'खाली पूर्ण पाथ. मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते, कारण यात अंदाज काही नाही.

आता एक गोष्ट जी खूप जणांना फसवते. फाईलवर राईट क्लिक करून 'कॉपी ॲज पाथ' घेतलं (विंडोज ११ मध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी पण चालतं) तर झेडमधून उघडलेल्या फाईलचा पाथ झेडनेच सुरू होतो, विंडोज तो आपणहून बदलून देत नाही. म्हणून आधी ॲड्रेस बारमध्ये \\ऑफिस-सर्व्हर टाकून आत शिरा, फाईलपर्यंत जा आणि तिथून कॉपी करा, मग पूर्ण पाथ मिळतो. आणि मेलमध्ये तो नुसता पेस्ट करू नका, फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर लिंक तिथेच तुटते. आउटलुकमध्ये शब्द सिलेक्ट करून कंट्रोल-के दाबा आणि पाथ त्या चौकटीत टाका.

प्रश्न: शाळेच्या ऑफिसातल्या पीसीवर डी ड्राइव्हमध्ये 'वार्षिक निकाल' फोल्डर शेअर केलाय. कॉम्प्युटर लॅबमधून \\ऑफिस\डी\वार्षिक निकाल टाकलं तर मिळत नाही. फोल्डर तर तिथेच आहे!
एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

सर, पाथमधून डी काढा. बाहेरून बघणाऱ्याला तुमच्या पीसीतले ड्राइव्ह दिसत नाहीत, फक्त जे शेअर केलंय ते दिसतं, म्हणून \\ऑफिस\वार्षिक निकाल एवढंच पुरेल. तरी नाही मिळालं तर ऑफिसच्या पीसीवर त्या फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, मग 'शेअरिंग' टॅब. तिथे 'नेटवर्क पाथ'खाली जे लिहिलंय तेच अक्षर न अक्षर वापरा. शेअर करताना दिलेलं नाव आणि फोल्डरचं नाव वेगळं असू शकतं, फोल्डर 'वार्षिक निकाल' आणि शेअर 'रिझल्ट' असं सर्रास असतं. त्या पीसीवर 'नेट शेअर' कमांड दिली तर सगळे शेअर आणि ते कुठल्या फोल्डरचे आहेत हे शेजारी शेजारी दिसतं. त्यात सी$ वगैरे डॉलर लागलेली नावं दिसतील ती विंडोजची स्वतःची आहेत, हात लावू नका.

कॉम्प्युटरच्या नावाऐवजी १९२.१६८ वाला आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाकूनही चालतं. पण राउटर आयपी बदलू शकतो, आज चाललेला पाथ सुट्टीनंतर चालेल याची खात्री नाही, म्हणून शक्यतो नावच वापरा. नाव 'होस्टनेम' कमांडने कळतं.

आणि फोल्डरची लांबलचक मराठी नावं टाळा हे मी कळकळीने सांगतेय. विंडोजमधले बरेच प्रोग्राम अजूनही साधारण २६० अक्षरांपर्यंतचाच पाथ घेतात आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'निकाल' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, विंडोज पाच मोजतं. आत-आत फोल्डर करत गेलात की फाईल दिसते पण उघडत नाही, कॉपी होत नाही, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: पाथ बरोबर आहे पण यूजरनेम-पासवर्ड मागतो. रोज लॉगिन करतो तोच पिन टाकला तरी घेत नाही.
एक वाचक, नाशिक

पिन नेटवर्कवर चालत नाही, तो त्या एका मशीनपुरताच असतो. इथे लागतो फोल्डर ज्या पीसीवर आहे तिथल्या अकाउंटचा खरा पासवर्ड, आणि यूजरनेममध्ये 'पीसीचं नाव\यूजर' असं लिहायचं. तिथलं लॉगिन मायक्रोसॉफ्ट अकाउंटचं असेल तर यूजरनेम म्हणजे तो ईमेल. खरं तर मालकाचा पासवर्ड सगळ्यांना वाटण्यापेक्षा त्या पीसीवर शेअरसाठी एक वेगळा साधा यूजर बनवा आणि त्यालाच परवानगी द्या. परवानगी दोन ठिकाणी बघावी लागते, 'शेअरिंग' टॅबमध्ये आणि 'सिक्युरिटी' टॅबमध्ये, आणि दोन्हीत जी जास्त कडक असेल तीच लागू होते, त्यामुळे एका ठिकाणी सगळं मोकळं करूनही फाईल सेव्ह होत नाही असं होतं. कंटाळून 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देणं मात्र नको, एका पीसीत रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) शिरला तर तो त्याच वाटेने शेअरमधल्या सगळ्या फायली लॉक करतो.

विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीवर अपडेट केल्यावर बिनपासवर्डचा जुना शेअर किंवा जुना नॅस (नेटवर्कला जोडलेली स्टोरेजची पेटी) बंद पडला असेल तर त्याचं कारणही पासवर्डच, त्यात गेस्ट म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय, आत जाणं बंद केलंय. तिथेही यूजर आणि पासवर्ड लावणं हाच उपाय.

प्रश्न: 'नेटवर्क'मध्ये दुसरा पीसी दिसतच नाही. एका व्हिडिओत एसएमबी १ चालू करा असं सांगितलंय, करू का?
एक वाचक, अकोला

नका करू. एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फायली शेअर करायची विंडोजची पद्धत, त्यातला एसएमबी १ खूप जुना आहे आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर याच्याच एका भगदाडातून जगभर पसरला. त्याच वर्षीच्या विंडोज १० अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने तो विंडोजमधून काढायला सुरुवात केली. 'नेटवर्क'मधली यादी आणि प्रत्यक्ष पाथ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यादीत नाव नसलं तरी ॲड्रेस बारमध्ये \\पीसीचं नाव टाकून बघा, बऱ्याचदा सरळ उघडतं. नाही उघडलं तर दोन्ही पीसीवर नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे का आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू आहे का ते बघा.

प्रश्न: आमच्या स्टुडिओत एक मॅकबुक आहे, त्यावर विंडोजवाला पाथ टाकायचा कुठे?
एक वाचक, म्हापसा

फाइंडरमध्ये कमांड-के दाबा आणि एसएमबी://पीसीचं नाव/शेअरचं नाव असं लिहा. विंडोजचे बॅकस्लॅश इथे चालत नाहीत, सगळे स्लॅश पुढे झुकलेले हवेत. त्याच चौकटीत अधिकच्या खुणेवर क्लिक केलं की पत्ता सेव्ह होतो, पुन्हा टाईप करावा लागत नाही.