‘दहापैकी नऊ जणांची विडी सुटली’ हे खरं मानायचं का?

(वाचकांचे प्रश्न : व्यसनमुक्ती. उत्तरं देणाऱ्या लेखिका मिरजेत छातीच्या दवाखान्यात समुपदेशक आहेत.)

प्रश्न : आमचे हे यंत्रमागावर कामाला आहेत. लग्नाआधीपासून विडी ओढतात. बाजारात एका चूर्णाचं पत्रक मिळालं. त्यावर ‘संशोधनाने सिद्ध, दहापैकी नऊ जणांची विडी सुटली’ असं छापलंय. दोन महिन्यांच्या कोर्सचे साडेतीन हजार रुपये सांगतात. आणू का?
— एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, इतक्यात पैसे देऊ नका. आधी त्या पत्रकावरच्या नंबरला फोन लावा आणि विचारा, चूर्ण सुरू किती जणांनी केलं होतं? चौकशी किती महिन्यांनी केली? आणि सुटली हे ठरवलं कसं?

समजा, शंभर जणांनी चूर्ण नेलं. दोन महिन्यांनी सगळ्यांना फोन केले, चाळीस जणांनी उचलला. त्यातले छत्तीस म्हणाले, ‘हो, सुटली.’ चाळिसात छत्तीस, म्हणजे दहात नऊ. बाकीचे साठ कुठे गेले? विडी सुटलेला माणूस आपणहून सांगायला येतो. ज्याची परत सुरू झाली तो बाजारात दिसला तरी तोंड चुकवतो, हे मी नेहमी बघते. म्हणून या विषयातल्या चांगल्या संशोधकांची रीत कडक आहे. जो सापडला नाही, तो ओढतोच आहे असं धरायचं. रॉबर्ट वेस्ट, पीटर हायेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हे नियम ‘रसेल स्टँडर्ड’ या नावाने लिहून काढले. किमान सहा महिने थांबायचं. तेवढ्या काळात सगळ्या मिळून पाचपेक्षा जास्त सिगारेटी झाल्या तर ‘सुटली’ म्हणायचं नाही. आणि नुसत्या शब्दावर न जाता तपासणी करायची.

तपासणीचं यंत्र आमच्याकडेही आहे, हातात मावेल एवढं. पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि सावकाश फुंकायचं, की धुरातून आत गेलेला कार्बन मोनॉक्साइड वायू श्वासात किती आहे ते आकड्यात दिसतं. दहाच्या खाली आला तर ओढलेली नाही, असं बरीच वर्षं धरत. आता तज्ज्ञ पाच-सहाचीच मर्यादा धरायला सांगतात. एकदा यंत्रमागाच्या कारखान्यातले एक जॉबर आले. ‘बाई, सोडली, आईशप्पथ.’ यंत्रावर १४. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, ‘रात्रपाळीला दोन ओढल्या, त्या पण धरायच्या का?’ माणूस खोटारडा नव्हता. दिवसाचं अख्खं बंडल बंद झालं होतं, त्यांच्या लेखी सुटलीच होती. म्हणून तर ‘सुटली’ कशाला म्हणायचं हे अभ्यास सुरू व्हायच्या आधी कागदावर यावं लागतं. निकाल हातात आल्यावर ते ठरवलं, तर हवा तो आकडा काढता येतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते. विडी सुटते आणि तंबाखू-चुना सुरू होतो. श्वासाच्या यंत्राला तंबाखू, मशेरी कळत नाही, त्यासाठी लाळेतलं कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, तपासावं लागतं. दिल्लीतल्या ३२ गरीब वस्त्यांमध्ये असा एक अभ्यास झाला, तो २०१७ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात आला. एका गटाला थोडा वेळ समुपदेशन आणि श्वसनाचा योगाभ्यास शिकवला, दुसऱ्याला अगदी त्रोटक सल्ला दिला. सात महिन्यांनी लाळ तपासली. कुठल्याही रूपातली तंबाखू सहा महिने बंद ठेवलेले निघाले पहिल्या गटात ६११ पैकी १६, दुसऱ्यात ६०२ पैकी ३. शंभरात तीनसुद्धा नाहीत! पण हा आकडा पाहिला की माझा त्या संशोधकांवरचा विश्वास वाढतो. त्यांनी हरवलेल्या माणसांना हिशेबातून वगळलं नाही, आणि एवढा छोटा आकडा जसाच्या तसा छापला.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ‘दहापैकी नऊ’ वाचून माणूस चूर्ण घेतो, महिन्याभरात विडी परत सुरू होते, आणि त्याला वाटतं, नऊ जणांना जमलं, मीच नालायक. पुढच्या वेळी तो प्रयत्नच करत नाही. तुमच्या यजमानांच्या बाबतीत असं होऊ देऊ नका. त्यांना घेऊन सरकारी रुग्णालयात या, किंवा आधी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेवर, त्यांनाच बोलू द्या. तिथे पैसे पडत नाहीत.

प्रश्न : सिगारेट सोडण्यासाठी डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन लिहून दिलंय. मुलगा म्हणतो, या औषधावरचं संशोधन कंपनीच्याच पैशाने झालंय आणि त्याने डोक्यावर परिणाम होतो. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुलाची शंका रास्त आहे. निकोटिनच्या च्युइंगगम आणि पट्ट्यांवरच्या चाचण्या २००७ साली एकत्र तपासल्या, तेव्हा कंपनीचा पाठिंबा असलेल्या ५१ टक्के चाचण्यांत ठळक फायदा दिसला, बाकीच्यांत २२ टक्क्यांतच. तेव्हा पैसा कुणाचा हे बघायचंच. पण तेवढ्यावर थांबायचं नाही.

व्हॅरेनिक्लिनवर २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मानसिक परिणामांबद्दल औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला, आणि कंपन्यांकडून मोठी चाचणी मागितली. ती १६ देशांत ८,१४४ जणांवर झाली. नाव ‘ईगल्स’, पैसा फायझर आणि ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपन्यांचा. निम्म्या लोकांना आधीपासून मानसिक आजार होता, म्हणजे ज्यांना धोका जास्त त्यांना मुद्दाम घेतलं होतं. कुणाला खरी गोळी आणि कुणाला नकली, हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. व्हॅरेनिक्लिनमुळे मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही. २०१६ साली निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि त्याच वर्षी तो इशारा काढला गेला. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यात सिगारेटपासून पूर्ण लांब राहिलेले व्हॅरेनिक्लिनवाले २१.८ टक्के, नकली गोळीवाले ९.४ टक्के.

मुलाला हे दाखवा. तुम्हाला पूर्वी नैराश्य वगैरे झालं असेल तर डॉक्टरांना सांगा. मळमळ आणि विचित्र स्वप्नं मात्र पुष्कळांना होतात, त्याने घाबरून मधेच गोळी बंद करू नका.

प्रश्न : अभ्यास खरोखर झाला की नाही, हे आमच्यासारख्यांनी कुठे बघायचं?
— एक शिक्षक, कुडाळ

उत्तर : भारतात २००७ पासून क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री (सीटीआरआय) आहे, म्हणजे माणसांवर होणाऱ्या औषध-उपचारांच्या चाचण्यांची नोंदवही. इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. औषधाचं नाव टाकून शोधा. नोंद सापडली तर दोन जागा वाचा : नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेण्याआधीची आहे का, आणि मुख्य निकाल म्हणून काय मोजू असं लिहिलं होतं. मग छापून आलेल्या लेखात तेच मोजलंय का ते ताडून पाहा.

समुपदेशनाच्या अभ्यासात मला अजून एक गोष्ट खटकते. रुग्णाशी नेमकं काय बोलायचं हे ज्या मार्गदर्शिकेत असतं, ती पुष्कळदा लेखाबरोबर येतच नाही. २०१३ साली काही संशोधकांनी अशा मार्गदर्शिका मिळवून छापील लेखांशी ताडल्या, तर त्यातला निम्म्याहून कमी मजकूर लेखात उतरला होता. मग माझ्यासारखीने सोमवारी समोर बसलेल्या माणसाशी ते वापरायचं कसं? मी अशा लेखकांना पत्र लिहून मार्गदर्शिका मागते. काही जण लगेच पाठवतात. तुम्हीही मागू शकता, शाळेत तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम घेत असाल तर नक्की मागा.