दाविदाच्या कथेत ‘मंदिर’ की ‘घराणे’?

प्रश्न असा आहे: मराठी बायबलात, ‘दुसरे शमुवेल’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात, इस्राएलचा राजा दावीद देवासाठी मंदिर बांधायचं म्हणतो आणि देव उत्तरादाखल त्याला घराणं देऊ करतो. या दोन गोष्टींचा मेळ कसा लावायचा?

मूळ हिब्रूत दोन्हीकडे एकच शब्द आहे: ‘बायित’, म्हणजे घर. दाविदाला वाटतं, आपण देवदारूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश, म्हणजे त्याच्या कराराची पवित्र पेटी, मात्र कनातीत. नाथान संदेष्टा आधी होकार देतो, पण त्याच रात्री त्याला देवाचा निरोप येतो: तू मला घर बांधणार? मिसरातून इस्राएलाला आणलं तेव्हापासून मी तंबूतच फिरतो आहे. देवदारूचं घर मी कधी कुणापाशी मागितलं का? उलट मीच तुझं घर करीन. तुझा मुलगा माझ्या नावासाठी घर बांधील, आणि तुझं घर, तुझं राज्य अढळ राहील. राजवाडा, मंदिर, राजवंश असे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत आणि वचनाचं सगळं बळ त्यातच आहे.

भाषांतरकारांना हे फोडून सांगावं लागलं, त्यात त्यांचा दोष नाही. पण ‘मोठ्या घरची लेक’ म्हणताना आपणही भिंतींबद्दल बोलत नसतो. याहून जवळचा शब्द ‘कुल’. संस्कृतात कुल म्हणजे वंशही आणि राहतं घरही. देवकुलाचं देऊळ झालं, राजकुलाचं राऊळ. जुन्या मराठीत राऊळ म्हणजे राजवाडा, आणि अभंगांत तेच विठोबाचं मंदिर! दाविदाच्या दरबारातलं ते संभाषण राऊळ शब्द जाणणाऱ्याला चटकन कळावं.

पुढे दाविदाचा मुलगा शलमोन याने मंदिर बांधलं. त्याला ७ वर्षं लागली, स्वतःच्या वाड्याला १३. दोन्ही ‘बायित’च. त्याच्या मागे इस्राएलातले उत्तरेचे वंश, म्हणजे तिकडच्या टोळ्या, दाविदाच्या राज्यातून फुटले तेव्हाची घोषणा तर फार बोलकी आहे: इस्राएला, आपल्या तंबूंकडे चल, दावीदा, तू तुझं घर सांभाळ!

हा केवळ धर्मग्रंथातला शब्दप्रयोग नव्हे. अश्शूरी (असिरियन) लेखांत या फुटलेल्या उत्तरेच्या राज्याला ‘बीत हुम्री’, म्हणजे तिथल्या ओम्री राजाचं घर, म्हटलं आहे. इस्राएलच्या उत्तरेला तेल दान इथे १९९३ साली इ.स.पू. नवव्या शतकातला अरामी शिलालेख सापडला. त्यात शत्रुराजा आपल्या विजयाची बढाई मारतो, आणि बहुतेक अभ्यासक त्यात ‘दाविदाचं घर’ असं वाचतात.

इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने मंदिर जाळलं, सिंहासनही गेलं, लोकांना बंदिवान करून नेलं. मंदिर पुन्हा उभं राहिलं. राजा परतला नाही. म्हणून बायबलातल्याच ‘पहिले इतिहास’ या पुस्तकाचा सतरावा अध्याय शेजारी ठेवून वाचा. तो ग्रंथ या बंदिवासानंतरचा. वचन तेच, पण शमुवेलात ‘तुझं घर, तुझं राज्य’ आहे तिथे इतिहासात देव म्हणतो, ‘माझं घर, माझं राज्य’. इथलं घर म्हणजे मंदिरच, असं मला वाटतं. लिहिणाऱ्याच्या काळात उभं होतं ते तेवढंच.