वाचक विचारतात: फाउंड्रीचा पैसा नि हवामानाच्या गप्पा

प्रश्न: नमस्कार संपादक साहेब. आजोबांनी काढलेला आमचा घरचा ट्रस्ट आहे, शिरोलीच्या फाउंड्रीतनं दरवर्षी त्यात पैसे जातात. आजवर वह्यावाटप, स्कॉलरशिप, पूर आला की धान्याचे किट, असं चाललंय. आता पुतणी म्हणते यंदा सहा लाख हवामान बदलाच्या जनजागृतीवर घालूया. थोरले बंधू म्हणतात, नुसत्या बोलण्यावर कसले पैसे उडवताय, वर लोक म्हणणार भट्टीवाले आम्हाला शिकवायला लागले. मला दोघांचंही पटतंय, काय करावं?
एक विश्वस्त, कोल्हापूर

उत्तर: माझं मत पुतणीला, पण अट एकच. होर्डिंग, रॅली, हॉटेलातली परिषद आणि रोप देऊन सत्कार, ह्यात एक रुपया घालायचा नाही. किट पण बंद करू नका, पाण्यात बसलेल्या माणसाला आधी जेवण लागतं.

बघा, पावसाळ्यात आपल्याकडं कुणी भेटलं की पहिला प्रश्न "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" पंचगंगेचं पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका, शाळेतल्या पोरांना पण पाठ असतंय. 2019 ला 55 फुटांच्या वर आणि 2021 ला 56 फूट बघितलेली ही माणसं, त्यांना बर्फावरचं पांढरं अस्वल दाखवून काय उपयोग? इथलं सांगा की. हवा एक डिग्रीनं तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं, मग पाऊस दडी मारून बसतो आणि आला की कोसळतोच, आणि पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवलंय की मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 पासून तिपटीनं वाढल्यात. हे पुराचं पाणी शिरणाऱ्या सुतारवाड्यातल्या भिंतीवर, 2019 नि 2021 च्या पाण्याच्या खुणा रंगवून त्याच्या शेजारी लिहा, लोक थांबून वाचतील. एखाद्या तालमीला गणपतीच्या देखाव्यासाठी पैसे द्या, तिथं जेवढी गर्दी होते तेवढी कुठल्या सेमिनारला होणार नाही.

पण सगळा दोष हवामानावर ढकलू नका बरं का. पूररेषेत भर टाकून काय काय उभं राहिलंय ते सगळ्यांना दिसतंय. पत्रकात तेवढंच गाळलंत तर सगळ्यात खूश बिल्डर होईल, छपाईचा खर्च पण तोच देईल.

मोठी रक्कम मात्र एका माणसाच्या वर्षभराच्या पगारावर घाला. नदी, ऊस, धरण ह्यावर सतत लिहिणारा-बोलणारा एक वार्ताहर, लोकल पेपरमधला किंवा रेडिओवरचा. पुरात व्हॉट्सअॅपवर राधानगरीबद्दल काय काय फिरतं ते तुम्हाला सांगायला नको, "गेट तुटलं" म्हणून रात्री अंथरुणं उचलून लोक बाहेर पडतात. त्या धरणाला 7 स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात, एकातनं 1428 क्युसेक पाणी येतं, हे शांत आवाजात तासाभरात सांगणारा एक भरवशाचा माणूस गावाला पाहिजे. आणि तो भरवसा पुराच्या आठवड्यात तयार होत नाही, आधी वर्षभर ऐकलेला आवाज लागतो. करारात लिहून टाका की छापायच्या आधी ट्रस्टला काही दाखवायचं नाही, नाहीतर तो तुमचा पीआर होतोय.

बाहेर घराण्यांच्या पैशातनं हे काम चाललेलं आहे. अमेरिकेतल्या ग्रँथम दाम्पत्यानं 1997 साली फाउंडेशन काढलं, ते येल विद्यापीठाच्या हवामान-संवादाच्या कामाला मदत करतं. त्याच येलनं सी-व्होटर ह्या सर्व्हे करणाऱ्या संस्थेबरोबर भारतात केलेल्या सर्व्हेचा रिपोर्ट 2022 ला आला, त्यात 54 टक्के लोक म्हणाले ग्लोबल वॉर्मिंगबद्दल फार थोडं माहितीय किंवा ऐकलंच नाही, पण दोन ओळीत समजावल्यावर 84 टक्के म्हणाले की हे होतंय. म्हणजे लोकांना पटवायचं कमी आणि सांगायचंच जास्त राहिलंय. बंधूंना हे दाखवा.

राहता राहिली भट्टी. लपवू नका. पहिल्याच पत्रकात स्वतःच्या फाउंड्रीचं वीजबिल छापा, महिन्याला इतके युनिट, ही वीज बहुतेक कोळशाची, आम्ही अमुक कमी करतोय. ह्याला बंधू तयार नसतील तर वह्याच वाटा, ते पण चांगलंच काम आहे.

प्रश्न: आमच्या ट्रस्टच्या डीडमध्ये फक्त "शिक्षण व वैद्यकीय मदत" लिहिलंय. पर्यावरणावर खर्च चालतो का?
एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: शाळेत जाऊन शिकवणं शिक्षणात बसवता येईल, वार्ताहराचा पगार ओढूनताणून बसवू नका, ऑडिटला अडकेल. आयकर कायद्यात पर्यावरण रक्षण 2009 पासून धर्मादाय कामात वेगळं धरलंय, पण तुमच्या डीडमध्ये ते उद्दिष्ट पाहिजे. विश्वस्तांचा ठराव करा, धर्मादाय कार्यालयातनं उद्दिष्टबदल मंजूर करून घ्या आणि आयकर खात्याला पण कळवा, नोंदणीचा प्रश्न असतो. आयकरात सूट हवी तर वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के खर्च करायची अट आहेच, त्यामुळं मार्चची वाट न बघता सीएला आत्ताच भेटा.