एन्झाइम वाढवू नका, बाहेरचा पडदा दुरुस्त करा

तुमची अडचण मला अशी समजली: प्लॅटिनमच्या तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज हा एन्झाइम बसवून, ग्लुकोज मोजण्यासाठी त्वचेखाली घालायचा सेन्सर केलाय. 37 अंशांच्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर द्रावण) 8 मिलिमोलर ग्लुकोजपर्यंत करंट सरळ वाढतो, पुढे रेंगाळतो, आणि पॅरासिटामॉल टाकलं की उसळतो. एन्झाइमचा थर जाड करावा का, हा प्रश्न.

करू नका. ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूमागे एन्झाइमला ऑक्सिजनचा एक रेणू लागतो. हवा खेळत्या बफरमध्ये ऑक्सिजन जेमतेम 0.2 मिलिमोलर असतो, त्वचेखाली त्याहून कमी. थर जाड केलात की तो आणखी लवकर संपेल. 8 मिलिमोलर म्हणजे 144 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; मधुमेह्यासाठी 400 पर्यंत, म्हणजे 22 मिलिमोलरपर्यंत रेष सरळ हवी.

आधी खात्री करा. 5 आणि 15 मिलिमोलरला हवेऐवजी 5 टक्के ऑक्सिजनचं मिश्रण सोडा. 15 ला करंट टक्केवारीत जास्त पडला, तर ऑक्सिजनच कमी पडतोय. हवेतही वक्र वाकतो आणि या चाचणीत फरक दिसत नाही, तर एन्झाइम संपृक्त होतोय, म्हणजे त्याची स्वतःची क्षमता संपतेय. दोन्हींवर उपाय एकच: ग्लुकोजची वाट अरुंद करणारा पॉलियुरेथेनचा पडदा.

पडद्याचं द्रावण असं: पॉलियुरेथेन 3 ते 4 टक्के; द्रावक म्हणून टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) 98 भाग आणि डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) 2 भाग. सेन्सर उभा बुडवून एकसारख्या वेगाने वर काढा. टोकाशी थेंब लोंबला तर तिथे पडदा जाड होऊन प्रतिसाद मंदावतो, म्हणून तो टिपून घ्या. पावसाळी हवेत टीएचएफ उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि पडदा पांढुरका, सच्छिद्र होतो. सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखा पारदर्शक दिसला तरच पुढे जा, नाहीतर कोरड्या पेटीत पुन्हा करा. एका थरावर न थांबता प्रत्येक थरानंतर मोजणी घ्या: संवेदनशीलता घटेल, रेष लांबेल. ही घट सोसायचीच असते. प्रतिसादाला पाच मिनिटांहून जास्त लागू लागले तर थर जास्त झाले.

पॅरासिटामॉलचा दोष वेगळा आहे: ते एन्झाइमशिवाय थेट प्लॅटिनमवरच करंट देतं. नॅफिऑन हे बहुलक आपल्या ऋणभारामुळे अ‍ॅस्कॉर्बेट आणि युरेट या शरीरातल्या ऋणभारित द्रव्यांना अडवतं, पण पॅरासिटामॉल भाररहित, ते सहज आत शिरतं. त्यासाठी एन्झाइमच्या आधी, थेट प्लॅटिनमवर मेटा-फेनिलीनडायअमाइनचा थर विद्युत-बहुलकीकरणाने (द्रावणात तारेला व्होल्टेज देऊन) चढवा. थर स्वतः वीज वाहत नाही, त्यामुळे करंट आपोआप शून्याकडे घसरतो; तसा घसरला नाही तर तार स्वच्छ नव्हती. द्रावण ताजं हवं, तपकिरी झालेलं फेकून द्या. हाताळताना हातमोजे आणि धूरकपाट हवंच, हा पदार्थ विषारी आहे.

नंतर 5 मिलिमोलर ग्लुकोजमध्ये 0.1 मिलिमोलर पॅरासिटामॉल टाकून पाहा. मोजणीचं मूळ ग्लुकोज द्रावण मात्र आदल्या रात्रीच करून ठेवा. ग्लुकोजची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं असतात; एन्झाइम फक्त बीटा रूप घेतो, आणि ताज्या द्रावणात अल्फा-बीटाचं प्रमाण स्थिरावलेलं नसतं, म्हणून सकाळी घेतलेले आकडे दुपारी जुळत नाहीत.